आखाजीची सुट्टी आणि मधला डबा

आई होती तोवर अमळनेरकडच्या नातेवाइकांना माझ्या कामाबद्दल एकच वाक्य सांगायची. "आमची सुनी कॉम्प्युटरांच्या सोयरिकी जुळवते." ऐकणारे हसायचे, पण मला हे वर्णन कधी खोटं वाटलं नाही. सुरतेत इतकी वर्षं हेच करत आले. खांद्याला पिशवी, पिशवीत तार, तारेची टोकं दाबायची पक्कड, आणि एक जुना लॅपटॉप. दारात गेले की विचारायचे, "तमे? माणस नथी आव्यो?" म्हणजे माणूस कुठे आहे. मी म्हणायचे, माणूस हाच.

काम काय ते बाहेरच्यांना थोडक्यात सांगते. एकाच कार्यालयात एक कॉम्प्युटर विंडोजचा असतो, दुसरा मॅक असतो, कोपऱ्यात एखादा लिनक्सवर चालणारा असतो. तिघेही आपापल्या जागी शहाणे. पण एकाची फाइल दुसऱ्याला द्यायची म्हटलं की तिघेही तोंड फिरवून बसतात. कुणी म्हणतो, तू कोण ते आधी सांग. कुणाला समोरचा दिसतच नाही. कुणाला दिसतो पण तो आत घेत नाही. मी जाऊन नावं, परवानग्या आणि बोलायची रीत ठरवून देते. ठरलं की मग पुढे काही करावं लागत नाही, म्हणूनच या कामाला कुणी फारसं मोजत नाही. नळाला पाणी येतं तोवर नळवाल्याची आठवण कुणाला येते?

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुनेदार. एका साडीवाल्या शेठनं लाभपाचमच्या मुहूर्तावर नव्या सर्व्हरची पूजा केली, इथवर ठीक. पण कंकू लावायचं ते त्यांनी तारेच्या खाचेत लावलं, आणि वर अक्षता. आरती संपेपर्यंत सगळं कार्यालय बंद. मी टाचणीनं तांदळाचे दाणे काढत बसले आणि शेठ शेजारी उभे राहून म्हणत होते, "संभाळजो बेन, प्रसाद छे." आता नवी पोरं आली आहेत. त्यांच्याकडे कुठल्याही दुखण्यावर एकच औषध: क्लाउडवर टाका. त्यांचं चूक नाही. पण सुरतेत असे पुष्कळ कारखाने आहेत जिथे इंटरनेटची तार मशीनच्या खोलीत शिरू देत नाहीत, आणि त्यामागे कारण आहे. ते कारण समजलं नाही तर पुढची हकीकत समजणार नाही.

इथे डिझाइन म्हणजे जीव. साडीच्या काठावरची एखादी नवी वेल बाहेर गेली, की दुसऱ्या दिवशी रिंगरोडच्या बाजारात तिची स्वस्त बहीण विकायला बसलेली असते. म्हणून शेठ लोक कॉम्प्युटर एकमेकांना जोडायलाच घाबरतात. तार म्हणजे चोरवाट, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. कतारगामच्या प्रवीणभाईंचा एम्ब्रॉयडरीचा कारखाना याच पठडीतला. तिथे डिझाइन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायची ती निंबादादांच्या गळ्यातून.

निंबादादा लिंबायतचे, माझ्या माहेरच्या गल्लीच्या मागच्या बाजूला राहणारे, मूळ गाव पारोळ्याजवळ. माझे वडील रेल्वेच्या कामासाठी सुरतेत आले तेव्हापासूनची त्यांची ओळख. हा माणूस तरुणपणी लूमवर होता, मग एम्ब्रॉयडरीत आला आणि पंचिंग शिकला. कागदावर किंवा पडद्यावर काढलेलं फूल मशीनला कळत नाही. सुई कुठून कुठे जाणार, कुठे वळणार, कुठे धागा तुटणार, हे टाक्याटाक्यानं लिहून द्यावं लागतं. त्याला पंचिंग म्हणतात. ते झालं की निंबादादा फाइल पेनड्राइव्हमध्ये घालायचे. पेनड्राइव्ह काळ्या दोऱ्यात, दोरा गळ्यात. मग जिना उतरून मशीनच्या खोलीत. दिवसभर हेच, वर-खाली, वर-खाली. पेनड्राइव्हला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा शेठचा हुकूम.

चैत्र नुकताच लागला होता तेव्हा त्यांचा फोन आला. लोक मला फोन करून काय काय मागतात, वेग मागतात, प्रिंटर चालू करून मागतात. निंबादादांनी भलतंच मागितलं.

"ताई, माले सुटी पायजे. ती तूच दी सकस."

मी म्हटलं, "दादा, मी कुठली शेठ?"

मग त्यांनी सांगितलं. "मना बाप कार्तिकमा वारना. यंदानी पह्यली आखाजी. घागर माले भरनी शे."

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि घरात गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर पुजतात, वर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवून. माणूस गेल्यानंतरची पहिली आखाजी मुलानं चुकवायची नसते. आमच्या बौद्ध घरात हे काही करत नाहीत, वडिलांनी गाव सोडलं तसं हेही मागे सोडलं. पण आखाजीला निम्मं लिंबायत गावाकडे जाणाऱ्या गाड्यांत बसलेलं असतं, ते बघतच मी मोठी झाले. आणि निंबादादा गेली कित्येक वर्षं त्या गाडीत नव्हते. लग्नसराई ऐन भरात असायची आणि शेठ म्हणायचे, तू गेलास तर मशीनला डिझाइन देणार कोण? यंदा मात्र गावाहून आईनं फोनवर विचारलं होतं, "तुना बापनी घागर आते शेजारना भरतीन का?"

ते शेठकडे गेले. शेठ वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, काही व्यवस्था लावून जा, माझी ना नाही. म्हणून मला फोन.

मी कारखान्यात गेले तेव्हा तिथली मांडणी अशी होती. वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत शेठची मुलगी हेतल, डिझायनिंग शिकून आलेली, तिच्यापुढे मॅक. ती चित्रं काढणार. पलीकडच्या लहानशा खोलीत निंबादादा, त्यांचा विंडोजचा कॉम्प्युटर, शेजारी पंखा. आणि खाली मशीनच्या खोलीत एक इतका जुना विंडोज, की त्याच्या पडद्यावर धाग्यांचा धुरळा साचून फोटोला हार घालायची वेळ आलेली. पण मशीनचं जुनं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नव्हतं, त्यामुळे त्याला हलवायची सोय नाही.

शेठनी पहिला प्रश्न विचारला, "बेन, आ वायरमांथी डिझाइन बहार तो नहीं जाय ने?"

मी सांगितलं, ही तार या भिंतींच्या बाहेर जाणारच नाही. इंटरनेटशी तिचा संबंध नाही. त्यांनी तार हातात घेऊन दोन्ही टोकं बघितली आणि मान डोलावली.

अडचण दुसरीच होती. खालचा म्हातारा कॉम्प्युटर फाइल मागायची एकच जुनी पद्धत जाणतो. ती पद्धत आता सुरक्षित मानत नाहीत, त्यामुळे मॅक तिला दारातही उभं करत नाही. दोघांना समोरासमोर बसवून उपयोग नव्हता. मग मी मध्ये तिसरा ठेवला. एक लहान पेटी, लिनक्सवर चालणारी, तिला तारेच्या दोन जागा. एका बाजूनं वरचे दोघे येणार, दुसऱ्या बाजूनं खालचा म्हातारा. ती नव्याशी नव्या रीतीनं बोलते, जुन्याशी जुन्या रीतीनं, आणि दोघांची एकमेकांशी गाठ पडू देत नाही. खाली मशीन चालवणारा बिपीन, ओडिशाचा, त्यानं तिचं नाव ठेवलं डब्बा. तेच रूढ झालं.

पहिल्या दिवशी फजिती झाली. जुन्या डिझाइनींची राखणीची प्रत हेतलच्या मॅकवर होती, ती सगळी मी डब्यात ओतली. थोड्या वेळानं बिपीन वर आला, चेहरा पडलेला.

"मॅडम, हर डिझाइन का भूत निकला है."

खाली जाऊन बघते तो यादीत प्रत्येक नाव दोनदा. एक खरं, दुसऱ्याच्या पुढे टिंब आणि रेघ, आणि त्यात एकही टाका नाही. बिपीननं त्यातलं एक मशीनला दिलं होतं आणि मशीन रुसून बसलं होतं. ही मॅकची सवय आहे. दुसऱ्याच्या घरात फाइल ठेवताना तो तिच्याशेजारी आपली एक लहानशी चिठ्ठी ठेवतो. त्याला स्वतःला ती दिसत नाही, जुन्या विंडोजला मात्र दिसते. मी डब्याला सांगून टाकलं की असल्या चिठ्ठ्या ठेवूनच घ्यायच्या नाहीत, आणि भुतं गेली. बिपीननं तरी दुसऱ्या दिवशी मशीनपुढे एक उदबत्ती लावलीच.

पुढे कितीतरी चाचण्या केल्या. चाचणीसाठी आम्ही एक मोर घेतला होता, सात रंगांचा, पिसारा फुलवलेला. तो मोर वरून डब्यात, डब्यातून खाली, खालून चिंधीवर. इतक्या चिंध्यांवर तो निघाला की हेतल म्हणाली, आता खरा मोर दिसला तरी मी तोंड फिरवीन.

सगळं जुळत होतं आणि निंबादादा गप्प होत चालले होते. मी सांगायचे, दादा, फाइल इथे टाका, झालं. ते टाकायचे. आणि मग उठून, पेनड्राइव्ह लावून, तीच फाइल घेऊन जिना उतरायचे. बिपीन म्हणायचा, दादा, आ गई है. ते म्हणायचे, असू दे, ही घे. शेठनी एक दिवस ठरवलं की आज निंबा नाहीच असं समजून चालवून बघू. निंबादादांनी खुर्चीत नुसतं बसायचं. ते बसले. हेतलनं वरून त्यांनी आधीच पंच केलेली एक डिझाइन दिली, खाली मशीन खडखडायला लागलं, आणि निंबादादांचा हात सारखा गळ्यातल्या दोऱ्याकडे जात होता. दुपारी मी चहा घेऊन गच्चीवर गेले तर ते तिथे टाकीच्या सावलीत उकिडवे बसलेले.

"काय झालं दादा? झालं ना तुमचं काम. आता तिकीट काढा."

त्यांनी चहा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "ताई, मी गाव गयू आनि आठे काम चालनं, त मंग माले परत बलाई कोन?"

इतकी वर्षं मी तारा ओढल्या, पण तारेच्या जागी आधी कुणाचे पाय चालत होते हे मला इतकं स्पष्ट कुणी दाखवलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसानं मला बोलावून आणलं, त्याचीच खुर्ची मी हलवत होते, आणि त्याला ते माझ्याआधी दिसलं होतं. डबा न बसवावा तर बापाची घागर चुकणार, बसवावा तर हे.

मग ते हळूच म्हणाले, "तेमा थोडीशी अडचन ऱ्हाऊ दे ना. तिसरा दिन बंद पडाले पायजे. मी फोनवर सांगसू, चालू व्हई जाई."

हसू नका. आमच्या धंद्यात हे करणारे पुष्कळ आहेत. मुद्दाम एक खिळा ढिला ठेवायचा, म्हणजे गिऱ्हाईक परत बोलावतं. करायला सोपं, आणि कुणाला कळणारही नव्हतं. पण लग्नसराईत मशीन बंद पडलं तर बिपीनचा रोज बुडणार होता, आणि शेठ निंबादादांना ऐन सणातून परत बोलावणार होते. मी म्हटलं, "दादा, बंद पडणारी वस्तू मी बसवणार नाही. पण तुमचं जे आहे ते तुमचंच राहील, एवढं बघते."

मी डब्यात दोन कप्पे केले. एक 'तयार', एक 'आजचं'. 'तयार'मध्ये फाइल ठेवायचा अधिकार फक्त निंबादादांना. हेतल तिथून उचलून 'आजचं'मध्ये ठेवू शकते, पण बदलू शकत नाही. आणि खालचा म्हातारा फक्त 'आजचं' बघू शकतो. शिजवणार निंबादादा, वाढणार हेतल, जेवणार मशीन. हे चोरून केलं नाही. शेठना निंबादादांच्या समोरच सांगितलं, की एक टाका चुकला तर साडीचा सगळा तागा वाया जातो, म्हणून शेवटचा हात एकाचाच असावा. हे खरंही होतं. शेठ म्हणाले, "बराबर छे. निंबाभाईनो ज हाथ." निंबादादांनी मान हलवली, पण चेहरा काही उजळला नाही. 'आजचं' आणि 'तयार' त्यांना समजलं होतं. 'तयार' भरून ठेवलं की तेवढे दिवस माणूस लागत नाही, यात न समजण्यासारखं काही नव्हतंच.

पुढचे काही दिवस त्यांनी लागतील तेवढ्या डिझाइनी करून कप्पा भरून ठेवला. निघायच्या दिवशी पेनड्राइव्ह गळ्यातून काढून टेबलाच्या खणात ठेवला, मग पुन्हा काढून खिशात घातला, आणि नंदुरबारकडच्या गाडीला गेले.

त्यानंतर मी रोज वाट बघत होते. प्रामाणिकपणे सांगते, अशी वेळ असते की मनात कुठेतरी वाटतं, येऊ दे एखादी तक्रार. आली नाही. आखाजीच्या सकाळी मी प्रवीणभाईंना फोन केला. "एकदम फर्स्ट क्लास बेन," ते म्हणाले, "निंबा नथी, खबर ज नथी पडती." म्हणजे निंबा नाही हे जाणवतसुद्धा नाही. ते माझं कौतुक करत होते.

फोन ठेवला आणि माझं कशात लक्ष लागेना. डिंडोलीच्या आमच्या घरात त्या दिवशी आमरस होता, नवरा ताटावर हाका मारत होता. आणि माझ्या डोळ्यापुढे निंबादादा. घागर भरून झाली असेल. आंगण पाहुण्यांनी भरलं असेल, बहिणी आल्या असतील, आणि हा माणूस शर्टच्या खिशातला फोन काढून बघत असेल. डब्यात मी अडचण ठेवली नव्हती आणि ठेवणारही नव्हते. पण डबा तो डबा, फोन तो फोन. मी नंबर लावला.

पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला.

मी म्हटलं, "दादा, माफ करा, सणाच्या दिवशी त्रास देते. तो मोर लावलाय मशीनवर. तिसऱ्या रंगापाशी अडलंय. इथे कुणाला काही सुधरत नाही."

पलीकडे बायकांचा आवाज, भांड्यांचा आवाज. मग निंबादादा बोलायला लागले, आणि इतक्या मोठ्यानं की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"मशीन आते थांबाड. थांबाडं का? हां. तिसरा नंबरले मोरपंखी लावानं नही, पह्यले जरी लाव. जरी पुरी व्हवू दे. मंग मोरपंखी. आनि बिपीनले सांग, मशीन हळू चालाड. शेठले म्हना, घाबरू नका, मी शे. काही समजनं नही त परत फोन कर."

"हो दादा," मी म्हटलं. "तुमच्याशिवाय खोळंबलं होतं."

"ऱ्हास तसं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला. मी जेवायला बसले. नवऱ्यानं विचारलं, कुठल्या मशीनवर मोर लावताय आज? मी म्हटलं, रस वाढ.

ते परत आल्यावर मी काहीतरी निमित्त काढून कारखान्यात गेले. खुर्ची तिथेच होती, निंबादादा तिच्यात होते, केस नुकतेच कापलेले, कपाळ उन्हानं काळवंडलेलं. खणातून त्यांनी कागदात बांधलेल्या सांजोऱ्या काढून माझ्या हातात दिल्या. आईनं तुझ्यासाठी पाठवल्यात, म्हणाले. डबा कोपऱ्यात आपला हिरवा दिवा लुकलुकवत बसला होता. आजही बसलेला आहे. निंबादादाही आहेत. पुढे एखादं नवं सॉफ्टवेअर येईल आणि चित्राचे टाके आपोआप पाडेल, असं हेतल अधूनमधून म्हणते. येईलही. त्या दिवशी मला कुणी फोन करू नये, एवढीच इच्छा आहे.

मी सांजोरी तोंडात टाकली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग दादा, खूप त्रास दिला का कारखान्यानं?"

"एकच फोन उना," ते म्हणाले. "तुना."

मी दुसरीकडे बघायला लागले. ते पडद्यावरून नजर न काढता, माऊस हलवत, शांतपणे म्हणाले, "मोरनी डिझाइन त मी जावाना आगोदरच काढी टाकेल व्हती, ताई. ती कथीच नव्हती. ना वर, ना खाल."

मी विचारलं, "मग एवढं सगळं सांगितलंत कशाला?"

निंबादादांनी माझ्याकडे बघितलं.

"माय बाजूले बठेल व्हती," ते म्हणाले.